आधी सलाईन

३ डिसेंबर
आंधळगावच्या राईस मिलमध्ये रुजू झालो! बी.एस्सी. मधेच सोडली म्हणून बाबा बोलत नाहीत, न बोलोत. मिलच्या भिंतीला लागूनच दवाखाना आहे आणि प्रतिक्षा तिथे नर्स आहे. आपलं गाव, आसगाव, सोडायला एवढं कारण पुरे. काम सोपं, धानाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी नीट रचून घ्यायची. हमालांचा म्होरक्या देवाजी प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घासत म्हणाला, "जावईबापू, दवाखान्याकडचीच खिडकी पाहिजे काय तुमाले?" सगळे खिदळले. राग आला, पण बसायला खिडकी तीच घेतली.

९ डिसेंबर
प्रतिक्षाला तीन मेसेज. पाहिले, उत्तर नाही. काय समजते स्वतःला!

११ डिसेंबर
थप्पी ढासळली. देवाजी सकाळपासून कमरेखाली दबलेला, मशीनच्या आवाजात कोणाला कळलं नाही, जेवणाच्या सुट्टीत सापडला. शुद्धीवर होता. प्रतिक्षा धावत आली. म्हणाली, आधी सलाईन, मग कट्टे. शीर सापडेना तिला. मी घाई केली तर सगळ्यांदेखत ओरडली, कॉलेज पुरं झालं नाही अन् मले शिकवते! डोकं सणकलं. "काहाले वाट पाहाची, देवाजीभाऊ? आत्ता काढतो तुमाले," म्हणत कट्टे ओढून फेकले. देवाजी हसला, खर्रा मागितला. मी तिच्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

१२ डिसेंबर
देवाजीची लघवी कोऱ्या चहासारखी. प्रतिक्षाने मान वर न करता सांगितलं, चेंगरलेल्या मांसातलं विष वजनाखाली पायातच अडकून असतं. वजन काढलं की रक्तात उतरतं, किडन्या तुंबवतं. आधी सलाईन चाललं असतं तर किडन्या वाचल्या असत्या. नागपूरला डायलिसिसला नेलं.

१४ डिसेंबर
देवाजी गेला. प्रतिक्षा फोन उचलत नाही.

१९ डिसेंबर
थप्पीमागे पन्नी घासल्याचा आवाज. भर दुपारी. हमाल म्हणतात, उंदीर असन. उंदीर खर्रा घासते काय?

२२ डिसेंबर, रविवार
मिल बंद. सकाळीच एकटा आलो. पुन्हा तोच आवाज — संतापून खालचाच कट्टा ओढला — सगळी थप्पी अंगावर. जाग आली तेव्हा दोन वाजलेले. पाय जाणवत नाहीत. हात मोकळे, फोन आणि डायरी खिशात.

प्रतिक्षाने फोन उचलला. कारध्याला घरी आहे, सलाईन घेऊन निघाली. तोवर कोणाले एक कट्टा उचलू देऊ नको म्हणाली. रडत होती. माझ्यासाठी —

पन्नी. अगदी जवळ.

वरचा कट्टा निघाला. कोणी दिसत नाही —

आणखी एक. पाय हलके —

खर्र्याचा वास. कानाशी, हसत — काहाले वाट पाहाची, जावईबापू? आत्ता काढतो तुमाले —

नको देवाजीभाऊ, ती येऊन राहिली, आधी सला