बाहेर हवा नाही

३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांनी दाराला आतून कुलूप घालून किल्ली पुन्हा लपवली आहे. हसू नकोस. थिएटरात जन्मभर सिनेमाचं यंत्र चालवून त्यांनी लोकांना चंद्रावर नेलं, आता मला नेतायत. रोज दुपारी तेच अंतराळयानाचं जुनं रीळ भिंतीवर दाखवायचं. मग ते कप्तान आणि मी दुय्यम वैमानिक. बाहेर हवा नाही, म्हणतात. काल दूधवाल्याला परग्रहावरचा समजून परत पाठवला. हे पत्रही खिडकीतून शेजारच्या काकूंकडे देतोय.

आपला लहानपणचा, किल्लीवर चालणारा खेळण्यातला यंत्रमानव दुरुस्त केला. पत्र्याच्या रॉकेटचं चाक तेवढं राहिलंय.

खरी बातमी ही, की खेळण्यांच्या संग्रहालयानं मला दुरुस्तीच्या कामावर बोलावलंय. एकतीस तारखेला हजर व्हायचं. चाळिशी उलटली माझी, पुन्हा कोण विचारणार? पण जाऊ कसा? ताई, तीन वर्षं झाली, जीव गुदमरतो गं इथे.

तुझ्या लोभावरच तग धरून असलेला,
धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पुठ्ठ्याच्या खोक्याचं यान करून, डोक्यावर पातेलं घालून बसायचास. आई जेवायला ओढून काढायची. तोच तू आज बाहेर पडायला रडतोस! त्या सिनेमात यानाची दोरी स्वच्छ दिसायची, तरी आपण श्वास रोखून बघायचो.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, शाळेत परीक्षा. मला हलता येत नाही, रागावू नकोस. पण युक्ती सुचली आहे. बाबा आपल्या बापाचंही ऐकायचे नाहीत, पण कप्तानाला नियंत्रण कक्षाचं ऐकावंच लागतं. सोबत टंकलेला हुकूम आहे, शाळेचा गोल शिक्का मारलेला: दुय्यम वैमानिकास मुक्त करावे, त्याच्या जागी कप्तानाची कन्या रुजू होत आहे. शेवटचं वाक्य आपलं वजन यावं म्हणून घातलंय. जेवणखाण आणि रीळ काकू बघतील, बोलले मी त्यांच्याशी. तू बिनघोर जा.

लोभ पूर्वीसारखाच, चिमटे काढण्यासकट.
तुझी ताई


१ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हुकूम लागू पडला. बाबांनी शिक्का उजेडात धरून पाहिला, ताठ उभे राहिले आणि बनियनमधून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. तुझी कामगिरी झाली, सुखरूप जा, म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा दार सताड उघडलं. मला रडू आलं.

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि उंबऱ्याशी बसले, तुला उतरवून घ्यायला. काकूंनी आणलेलं ताट परत केलं. रीळही नको, नवी वैमानिक आल्यावरच. दोन दिवस नुसत्या दुधावर आहेत, तेही मी पाजलं तर. रस्त्यानं बाई गेली की उठून उभे राहतात.

काल एकतीस तारीख. बॅग घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो. वळून पाहिलं, तर ते भाजीवालीसाठी उभे होते आणि तोल जात होता. मी परत आलो. संग्रहालयाला नकार कळवला.

कुलूप होतं तेव्हा निदान बाबांवर चिडता यायचं. आता दार उघडं आहे, हवा आत येते, आणि मी आतच आहे. तुझा फार राग येतो, ताई, आणि त्यांच्याशेजारी स्टूल टाकून मीही तुझीच वाट बघतोय.

लोभ असो नसो, तू ये.

धाकटा