शिशाची आच

४ नोव्हेंबर १९५५
—पण फरक पडतोच! अण्णांना परत सांगून पाह्यलं. पोलाद एकच. लालभडक करायचं आन् वितळलेल्या शिशात अर्धा तास धरायचं. शिसं तीनशेवीस डिग्रीवर असलं तर पोलादात बारीक सुया तयार होतात—कडक बी, चिवट बी. चारशेतीसवर गेलं की सुयांच्या जागी पिसं! मंग धार टिकत न्हाई. पोलादाच्या या दोन्ही रूपांना बेनाइटच म्हणतात. सगळा खेळ आचेचा.
अण्णा म्हणाले, "तहसीलच्या कारकुनीचा अर्ज भरला का?"

९ नोव्हेंबर
मस्तगडचा पुंजाराम लोहार माझ्या सुऱ्या करायला तयार झाला! परतूरच्या कापसाच्या जिनिंगच्या सुऱ्या त्याच्याकडंच धारेला येतात, दर आठवड्याला. मॅनेजरनं शब्द दिलाय—माझी सुरी महिनाभर टिकली तर कारखान्यात मला भट्टी लावून देणार. न्हाई टिकली तर तहसील.

नुसतं शिसं तीनशेसत्तावीसलाच गोठतं म्हणून कल्हईचं कथील मिसळलं. माझा थर्मामीटर पाहून पुंजाराम हसला. कडब्याचं एक चिपाड शिशात बुडवलं. "तांबूस झालं तं बराबर. पेटलं तं जास्ती." चिपाड तांबूस झालं. थर्मामीटर पाह्यला—तीनशेअठरा! कॉलेजात हे कोणी शिकवलं न्हाई.

१३ नोव्हेंबर
सहा सुऱ्या. तीन दोघांनी मिळून केल्या. मंग घरून बोलावणं आलं, पाहुणे आल्ते. पुंजाराम म्हणे, "जा वामनभाऊ, मी हाय ना!" बिलकुल काळजी वाटली न्हाई.

१५ नोव्हेंबर
प्रत्येक सुरीच्या शेपटाचा तुकडा कापला. आरशासारखा घासला, सोनाराकडचं तेजाब स्पिरिटमधी घालून पुसला. गावातल्या डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपला काचेची तिरपी पट्टी लावली, उजेड वरून पडावा म्हणून.
पहिल्या तिन्हीत सुया! गवतासारख्या दाट, काळ्याभोर. ओरडलोच मी.
चौथीत पिसं.
पाचवीत पिसं. सहावीत बी.
तेजाब जास्त लागलं असंल म्हणून परत घासलं. पिसंच.

१६ नोव्हेंबर
मस्तगडला गेल्तो. थर्मामीटर कोनाड्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तो तीनशेसाठच्या पुढं फुटतो—हे मीच त्याला सांगितलं होतं. फुटू नये म्हणून आधीच काढला!
"चुकलं असंल, भाऊ." वर पाह्यलं न्हाई त्यानं.
चुकलं? ज्याला चिपाडावरून आच कळते त्याचं?

भाता ओढणारी गोजरबाई, त्याची बायको, तीच बोलली शेवटी. "मीच म्हणलं ह्यांना, जरा जास्ती तापवा. तुमची सुरी झिजंना झाली तं धारंला कोण येईल? तुमची दुर्बीण?"
पुंजाराम म्हणे, "तू गप."
मी म्हणालो, "आधी सांगितलं का न्हाई?"
"इच्यारलं का तुमी?" तीच म्हणाली.
चहा ठेवला होता तिनं. तसाच टाकून आलो.

१७ नोव्हेंबर
दगाबाज! समोर हसायचं, भाऊ म्हणायचं, आन् पाठ फिरली की आच वाढवायची. चोरानं चोरी केली असती तर एवढं लागलं नसतं.

२१ नोव्हेंबर
पिसांच्या सुऱ्या विहिरीत टाकल्या. सुयांच्या तिन्ही घेऊन एकटाच परतूरला. मॅनेजरनं माझ्यादेखत यंत्राला लावल्या.

४ डिसेंबर
बाजारात पुंजाराम दिसला. हात वर केला त्यानं. मी रस्ता बदलला.

२२ डिसेंबर
महिना झाला. परतूरला जाऊन आलो. तिन्ही सुऱ्यांना नखभर खाच न्हाई! मॅनेजरनं पाठीवर थाप मारली—"भट्टी जानेवारीत. धार बी इथंच लावू, मस्तगडला पाठवणं बंद." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो.

२३ डिसेंबर
पुंजारामला अजून ठाऊक न्हाई. चिपाडाची रीत त्याची, ती बी मी मॅनेजरला शिकवून आलो—माझी म्हणून. आता उद्या जाऊन त्याला तोंडावर सांगू, का मॅनेजरची चिठ्ठीच जाऊ देऊ? डायरी, तुला काय वाटतं?