फालुद्याची वाटी

वाडी, नागपूर
१४ मार्च १९७४

माय,
हिरामणचा तुले जय भीम.

बाबाची तब्येत बरी आहे, काळजी करू नको वं. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मात्र अजून भेटली नाही. सकाळी दवाखान्याची लाइन, दुपारून गोदामात पोती. चूल पेटवायची ताकद राहत नाही, म्हणून आम्ही रोज नव्या हॉटेलात जेवून राहिलो. डोसा खाऊन बाबा म्हणाले, "हा तं कागद आहे गा, पोट कधी भरन?"

सोमवारी जरीपटक्यात एका सिंध्याच्या हॉटेलात फालुदा खाल्ला. गुलाबी दूध, त्यात शेवया, वरून कुल्फी. बाबानं काचेची वाटी चाटूनपुसून संपवली, अन् उठून नळावर नेऊन धुतली. गावच्या हॉटेलात आपली कपबशी बाहेर वेगळी राहे, पिऊन झालं की आपणच धुवून ठेवा लागे. तीच सवय. वेटर धावत आला, "काकाजी, ये क्या करते? हमारा काम है." सारे पाहून राहिले होते. पोती उचलून मी कधी एवढा थकलो नव्हतो, माय.

तुही कंबर कशी आहे? शेजारची कौसल्या पाणी भरून देते का?

काल बाबाच म्हणाले, तिथंच चाल. खाऊन झाल्यावर वाटी टेबलावर ठेवली अन् हात मांडीखाली दाबून बसले. बाहेर आल्यावर थांबले. त्याईले दुरून दिसत नाही. म्हणाले, "हिरामण, पाह्य बरं, आपली वाटी धुतली का?"

मी आत जाऊन पाहून आलो. धुतली होती, माय. साऱ्यांच्या वाट्यांसंगच.

तुहा,
हिरामण