कोठी दोनदा भरली होती

सर,

"कोठी एकदाच भरली आणि निवांत थंड झाली, बस," हे तुमचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते सुदामा नगरातल्या तुमच्या स्वयंपाकघरात. काकूंनी तूप कढवून खिडकीशी निवत ठेवलंय. तुम्ही मला पातेल्यावर वाकायला लावता. आधी कणी खाली बसते, वर पातळ तूप राहतं, आणि कण्यांमधल्या फटींत थोडं पातळ अडकून पडतं. आपल्या डोंगरातला काळा दगड असाच बसला म्हणे, जमिनीखालच्या शिलारसाच्या कोठीत, थरावर थर. मी ऐकता ऐकता चमचा घालते. "ढवळू नको, बेटा! सगळी हिस्ट्री बिघडवलीस." काकू मागून म्हणतात, "हिस्ट्री राहू द्या, तूप माझं आहे."

वर जाताना मॅग्नेशियम घटत जायला हवं, मग मधल्या थरात ते अचानक का वाढतं, असं कोणी विचारलं की तुम्ही फटींतल्या त्या रसाकडे बोट दाखवायचात. त्याला बाहेर पडता येत नाही, म्हणून तो शेजारच्या स्फटिकांनाच बदलत राहतो. जिथे जास्त अडकला तिथे मॅग्नेशियम घटलं, जिथे कमी तिथे टिकलं. मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवलं. यंदा त्या थरापासून वरच्या दगडांतलं स्ट्रॉन्शियम तपासून आलं; रस कुठल्या उगमाचा, ते त्यावरून कळतं. खालच्या दगडांपेक्षा त्याचं कूळच निराळं आहे. अडकलेला रस एवढं करू शकत नाही. खालून नवा रस आला होता, सर.

लेख तयार आहे. तुम्ही गेल्यानंतरही या डोंगरावरच्या प्रत्येक लेखावर पहिलं नाव तुमचंच, कारण नमुने तुमचे, प्रश्न तुमचा. विभागातली तरुण सहकारी म्हणते, "मॅडम, हटा दो ना नाम, सिंपल है." काढलं तर गुरूला मोडीत काढल्यासारखं. ठेवलं तर तुम्ही जन्मभर नाकारलेलं तुमच्याच तोंडी घातल्यासारखं. काकू प्रत्येक लेख तुमच्या फोटोपुढे ठेवतात, चष्मा लावून फक्त नाव वाचतात. परवा म्हणाल्या, "या वेळीही ह्यांचं आहे ना गं?" मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. निकाल पाहून मला आधी आनंद झाला. तुमची आठवण नंतर आली.

तुम्ही असतात तर भांडला असतात, नमुने पुन्हा तपासायला लावले असते, आणि तरी मानलं नसतंत. तरीही विचारते. तुम्ही चुकलात असं सांगणाऱ्या या लेखावर तुमचं नाव राहू द्याल का, माझ्या नावाच्या आधी?