भाडेकरू नव्हे, घरचा माणूस

३ फेब्रुवारी १९५३, डोंबिवली
काळुरामचं घर लिलावात निघणार. मिठागरासाठी कल्याणच्या सावकाराकडे गहाण टाकलेलं, अवकाळी पावसाने मीठच विरघळलं. पुढच्या खोल्या त्याच्या, मागच्या दोन आमच्या, बाजूची एक विश्रामची.
मंदाकिनीने विचारलं, अहो, आपलं काय होणार? हसलो. भाडेकायद्याच्या पुस्तकाची प्रुफं आमच्या छापखान्यात मीच तपासली. घर कोणीही घेवो, भाडेकरूला सहज हलवता येत नाही. भाडं वेळेवर आणि पावती जवळ, एवढं पुरे.

५ फेब्रुवारी
विश्राम घाबरून आलेला. ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमध्ये फिटर, पण भित्रा. अर्धा तास कायदा समजावला. पावत्या दोऱ्यात ओवून ठेव. बेलिफ आला की आधी 'मी भाडेकरू' म्हण. म्हणाला, श्रीपादराव, तुमच्या पावत्या कुठे ठेवता? म्हणालो, पावती परक्यांत असते.
वस्तुस्थिती: दर एक तारखेला मी पाकिटाला कुंकू लावून काळुरामच्या देव्हाऱ्यापुढे ठेवतो. 'भाडं' हा शब्द आमच्यात आजवर उच्चारला गेलेला नाही. तो म्हणतो, मास्तर, तुमी आमचेच. (मी मास्तर नाही. ही चूक दुरुस्त केलेली नाही.) त्याच्या मुलीच्या लग्नात मी यजमानांच्या बाजूला उभा होतो. विश्राम पंगतीत.

९ फेब्रुवारी
मंदाकिनीचं एकच पालुपद, पावती मागा. उद्या मागणार. ठरलं.

१० फेब्रुवारी
गेलेलो. काळुरामच्या बायकोने, कमळाबाईंनी, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. सुकट मी खात नाही. भाकरी घेतली. काळुराम डोकं धरून बसलेला. म्हणाला, मास्तर, सगले सोयरे तोंड फिरवून गेले, तुमीच तेवढे घरचे राहिलात. अशा वेळी पावती कशी मागणार? भाकरी चांगली होती. पावतीचं उद्या.

१८ फेब्रुवारी
योग्य क्षण आलेला नाही. मंदाकिनीला तसं सांगितलं. ती म्हणाली, क्षण येईल तो बेलिफाबरोबर येईल. बायकांना कायद्याची भीती फार.

२४ फेब्रुवारी
बेलिफ आला. चपलांसकट ओसरीवर. कुंपणाशी निम्मं गाव. विश्राम उघड्या बटणांनी धावत आला, पावत्यांची माळ उंच धरून ओरडला, मी भाडेकरू, साहेब, भाडेकरू! मलाच लाज वाटली.
मग बेलिफाने मला विचारलं, तुम्हीपण भाडेकरू का? सगळे बघत होते. भिवा दूधवालासुद्धा. म्हणालो, छे! मी घरचाच. काळुरामच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराआड मंदाकिनीच्या हातून पातेलं पडलं. मुद्दाम असावं.
पंचनाम्यात मला 'घरचा माणूस' लिहिलं. तो वाचायला मागितला. दोन चुका काढून दिल्या, मग सही केली. बेलिफ म्हणाला, इतकं नीट कोणी वाचत नाही हो.

३ मार्च
ठाण्याला वकिलांकडे. मंदाकिनीचा आग्रह. वकील म्हणाले, ते पुस्तक तुम्हीच तपासलंत ना? म्हणालो, हो. म्हणाले, मग?
शेवटी म्हणाले, काळुरामने कोर्टात सांगितलं की हे भाडं देतात, तर काही होईल.

४ मार्च
काळुरामला विचारलं, माझ्यासाठी साक्ष देशील? छातीवर हात ठेवून म्हणाला, मास्तर, देवाची आन घेऊन सांगीन, तुमच्याकडून कधी भारा घेतला नाय! (भारा म्हणजे भाडं.)
त्याला समजावणं जमलं नाही. इतका आनंदात होता बिचारा, बऱ्याच दिवसांनी.

१ एप्रिल
लिलाव झाला, आज नव्या मालकाचा ताबा. घरच्या माणसांनी घर रिकामं करायचं होतं. केलं. काळुरामची बैलगाडी पुढे, आमची मागे. विश्रामने बंब चढवायला हात लावला. नव्या मालकाला भाडं देऊन ताजी पावती घेऊन आलेला. पाया पडून म्हणाला, श्रीपादराव, तुमच्यामुळे वाचलो.
मंदाकिनी गाडीत पाठ करून बसलेली.

५ एप्रिल, कळवा
धाकट्या मेहुण्याच्या घरी, स्वयंपाकघरामागची खोली. आता व्यवहार चोख. जेवायला बसताना आनंदला म्हणालो, भाडं ठरव. तो दुखावला. म्हणाला, भावोजी, भाडं कसलं? तुम्ही घरचेच!
मंदाकिनीचं लाटणं थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. बोलणार होतो. तेवढ्यात आनंदने ताटात गरम पोळी वाढली, वर तूप.
पावतीचं उद्या.