वहीतली एक मॅच

बाबा, आज ते परत हरले. या सीझनमधली सहावी मॅच आणि पाचवी हार. काल फार्मसीत दिवसभर उभी होते, पाय अजून ठणकतायत, आणि तरी सकाळी साडेआठला लॅपटॉप लावून बसले, कारण तुम्ही बसायचात. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा सीझन मी तुमची वही पुढे लिहितेय. खरं सांगू, कंटाळा आलाय. ती हेल्मेटं घातलेली धिप्पाड पोरं दहा यार्ड पुढे जायला एवढी का झटतात, हे तुम्ही शंभरदा समजावलंत आणि मला शंभरदा कळल्यासारखं वाटलं.

अमेरिकेतल्या त्या लहानशा कॉलेजात तुम्ही दोनच वर्षं शिकलात. नंतर पुण्यात नोकरी, लग्न, मी, मग इथे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला दूध पावडरच्या कंपनीत इंजिनिअर. पण कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमला तुम्ही सोडलं नाहीत. मी एकदा विचारलं होतं, एवढं काय आहे त्यात? तुम्ही म्हणालात, "त्या गावात मला कुणी विचारत नव्हतं गं. फक्त शनिवारी त्या स्टँडमध्ये शेजारचा माणूस ब्लँकेटचं एक टोक माझ्या पायावर टाकायचा." बास, एवढंच. तेवढ्यावर तुम्ही जन्मभर वही लिहिलीत. प्रत्येक सीझनला दोन पानं, वर साल, खाली एकेक मॅच, आणि शेवटी पहिल्या वर्षापासूनची जिंकल्या-हरल्याची बेरीज. तिकडचा शनिवार म्हणजे आपला रविवार, पण तारीख तुम्ही तिकडचीच घालायचात.

आईचा नियम वेगळाच होता. जिंकले तर नेहमीचे पोहे, हरले तर शिरा. "जिंकणाऱ्यांचं तोंड गोडच असतं, हरल्यावर करायला लागतं," म्हणायची. ती टीम अशी, की आपल्या घरी रवा कायम संपलेला.

मी नववीत असेन. तुम्ही आंघोळीला गेला होतात म्हणून मी वहीत लिहिलं, "हरले", आणि पेन ठेवलं. तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून आलात, वही बघितलीत आणि एवढे चिडलात की आई गॅस बंद करून बाहेर आली. "स्कोअर कुठाय? हरलेल्यांनी काय घाम गाळला नाही? हरलेल्या मॅचचा स्कोअर आधी लिहायचा, पूर्ण लिहायचा. वहीत खोटं नको आणि अर्धवटही नको." मला तेव्हा रडू आलं होतं. आता त्या वाक्याची भीती वाटते.

कारण हॉस्पिटलमधला तो रविवार. तुमची नजर पार गेली होती, लॅपटॉप मांडीवर होता पण तुम्हाला नुसता उजेड दिसत होता. हेडफोन नको म्हणालात, कान दुखतात. आवाज बंद करून मीच बघत होते. सतरा-वीस. शेवटच्या मिनिटाला हरले. तुम्ही विचारलंत, "काय झालं?" आणि मी म्हणाले, "जिंकले बाबा. वीस-सतरा." तुम्ही म्हणालात, "लिही." मी लिहिलं. पुढच्या गुरुवारी तुम्ही गेलात. तेव्हापासून दर सीझनच्या बेरजेत ती एक मॅच पुढे ओढतेय.

आता तुमची नात चौदाची आहे. मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. शाळेच्या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टला तिने तुमची वही घेतली. अक्षर वाचता येत नाही, आकडे येतात. प्रत्येक मॅच नेटवर ताडून बघितली आणि मागच्या आठवड्यात येऊन म्हणाली, "मम, आजोबा गॉट धिस वन राँग." आणि मी काय म्हणावं? "थकले होते गं ते, चुकलं असेल." ती म्हणाली, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या पोरांचं 'चालतंय की', आणि तळटीप टाकून मोकळी झाली. आज सकाळी ती तळटीप मी वाचली. इतक्या वर्षांच्या नोंदींत एकच चूक, नोंद करणाऱ्याची. तुमचं नाव घालून. उद्या ते वर्गात वाचलं जाणार. ज्या माणसाने मला एका आकड्यासाठी रडवलं, त्याच्या नावावर मी माझी चूक खुशाल ढकलली. लाज वाटली मला.

म्हणून मघाशी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं. आई रवा भाजत होती, तिचा झारा थांबला, पण ती वळली नाही. पोरीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "दॅट्स नॉट अ मिस्टेक देन." तळटीप बदलते म्हणाली. मग दारातून परत फिरली आणि विचारलं, "डिड ही नो?"

मी म्हणाले, नाही.

बाबा, त्या दिवशी दुपारी आई डबा घेऊन आली तेव्हा मी तिलाही जिंकले म्हणूनच सांगितलं होतं. तुम्ही ते ऐकलंत आणि तिला म्हणालात, "संध्याकाळी शिरा आण." तिला वाटलं, तोंडाला चव आली, केवढी खूश झाली बिचारी. संध्याकाळी तुम्ही दोन चमचे खाल्लेत आणि डबा चाचपडत माझ्याकडे सरकवलात. "तू खा." मी खाल्ला, सगळा, तुमच्यासमोर बसून.

हे मी पोरीला सांगितलं नाही. एवढं राहू दे माझ्याकडे.