मोनूची नाळ

आई, तुझ्या आणि बाबाच्या पाया पडतो.

मोनू बरी आहे, पोटभर दूध पिऊन झोपते. कीर्तीही आता वरण-भात खाऊन राहिली. बाहेर बर्फ आहे, पण घर गरम असते.

तू फोनवर विचारलं, नात आता अमेरिकेचीच झाली काय? देश उभा केला तेव्हाच इथल्या लोकांनी लिहिलं, सगळी माणसं जन्मानं सारखी. पुढं घटनेतही घातलं, इथं जन्मलं ते इथलं. आता आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या लेकरांवरून कोर्टात वाद आहे, की घटना लिहिणाऱ्यांच्या मनात ही लेकरंही होती काय. टीव्हीवर वकील भांडतात. मी आवाज बंद करून पाहत बसतो. मले आताशा काही वाटतच नाही.

मोनूची नाळ गळली. आपल्याकडं अंगणात पुरतात, म्हणून मी खुरपं घेऊन खाली गेलो. माती गोठलेली होती, अन् अंगण घरमालकाचं. परत आलो. नाळ कापसात गुंडाळून डबीत ठेवली आहे.

आसगावले धान चुरून झालं काय, मळणी आटोपली? बाबाचा खोकला?

बाबाले सांगजो, अंगणात सिमेंट करतील तेव्हा आंब्याखाली, माझी नाळ पुरली तिथं, हातभर माती मोकळी ठेवा.

तुझा,
संजीव